गेमिंग पीसी अपग्रेड: ग्राफिक कार्डाआधी एसएमपीएस बघा

"दादा, माझ्या पीसीत कोणतं ग्राफिक कार्ड बसेल?" या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी तीन गोष्टी कळाव्या लागतात. डब्यात (म्हणजे कॅबिनेटमध्ये) एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टांना वीज पुरवणारा भाग, कोणता आहे, मदरबोर्ड कोणता आहे आणि घराला अर्थिंग आहे का. तिसरी गोष्ट ऐकून बहुतेक पोरं हसतात. पण परभणी, हिंगोली, बीडकडच्या तालुक्याच्या गावांत मेलेल्या पीसींचा हिशोब मांडला, तर गेम खेळून मेलेले कमी आणि लाईटीने मारलेले जास्त निघतील. अपग्रेडचे व्हिडिओ बनवणारे ज्या शहरांत राहतात तिथे डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळत नाही, त्यामुळे हा भाग त्यांच्याकडून राहून जातो. आपण सुरुवात तिथूनच करू.

डब्यात काय आहे ते आधी लिहून काढा

सीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्या. त्यात प्रोसेसरचं पूर्ण नाव, मदरबोर्डचं मॉडेल, बायोसची (मदरबोर्डच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती आणि रॅमचा प्रकार दिसतो. चारही गोष्टींचा फोटो काढून ठेवा. दुकानात "आय फाइव्ह आहे" एवढं सांगून काहीच कळत नाही, कारण चौथ्या पिढीचा आय५ आणि बाराव्या पिढीचा आय५ यांच्यात नावाशिवाय फारसं काही सारखं नाही.

एसएमपीएसचं नाव मात्र कोणतंही सॉफ्टवेअर सांगत नाही. त्यासाठी मेन स्विच बंद करून, वायर काढून, डब्याची बाजूची पत्री उघडावी लागते. मागचे दोन स्क्रू काढले की ती सरकते. एसएमपीएसवर चिकटवलेल्या लेबलचा स्पष्ट फोटो काढा. डबा उघडलाच आहे तर जागाही मोजा: कार्डाच्या स्लॉटपासून समोरच्या पंख्यापर्यंत किती सेंटिमीटर, आणि जादा पॉवरच्या केबल लोंबताहेत का.

तुमचा पीसी मोठ्या कंपनीचा ऑफिसातला जुना, म्हणजे रिफर्बिश्ड असेल, तर खास काळजी घ्या. आपल्याकडे दहावी-बारावीच्या पोरांना असाच डबा घेऊन देतात, आणि अभ्यासाला तो चांगलाच असतो. पण अशा बऱ्याच मॉडेलांत मदरबोर्डला पॉवर देणारा कनेक्टर नेहमीच्या २४ पिनांचा नसून कंपनीचा स्वतःचा, कमी पिनांचा असतो. त्यामुळे बाजारातलं साधं एसएमपीएस त्यात थेट लागत नाही. डबा बारका, आडवा ठेवायचा असेल तर पूर्ण उंचीचं कार्डही बसत नाही, 'लो प्रोफाइल' कार्डच लागतं. हे माहीत नसताना कार्ड आणलं तर ते पलंगाखाली पडून राहतं.

लाईट, अर्थिंग आणि एसएमपीएस

डब्याच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, बारीक करंट मारतो, हा अनुभव कित्येक घरांत आहे. लोक म्हणतात, "पीसी खराब झालाय." पीसी बहुधा ठीक असतो, घराला अर्थिंग नसते. एसएमपीएसच्या आत दोन लहान कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेले असतात. आतला खरखराट त्यांनी जमिनीत सोडायचा असतो. जमिनीकडे जाणारी वायरच नसेल तर पत्र्यावर २३० च्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज उभं राहतं. करंट अगदी थोडा असल्याने माणसाला फक्त मुंग्या येतात, पण त्याच अवस्थेत एचडीएमआयची केबल काढली-घातली तर कार्डाचा किंवा मॉनिटरचा पोर्ट जाऊ शकतो.

वायरमनला बोलावून तीन पिनांच्या सॉकेटमध्ये मोजायला सांगा. फेज आणि अर्थिंगमध्ये साधारण २३० व्होल्ट यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये फार तर दोन-चार. अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून केलेला असेल, तर एप्रिल-मेमध्ये तो कोरडाठाक पडतो आणि अर्थिंग नावालाच उरते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतणं हा पीसीच्या देखभालीचाच भाग समजा. आणि दोन पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड वापरत असाल तर तो आजच बाजूला काढा. घराला कितीही चांगली अर्थिंग असली तरी त्या बोर्डाच्या पुढे ती जातच नाही.

आता एसएमपीएसचं लेबल वाचू. पुढच्या बाजूला '४५० वॅट' असं ठळक छापलेलं असतं, तिकडे बघू नका. लेबलवरच्या तक्त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते शोधा. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर चालतात. १२ ला त्या अँपिअरने गुणलं की खरा आकडा मिळतो. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर ३६ अँपिअरच्या आसपास असतात, म्हणजे ४३२ वॅट. डब्यासोबत फुकट आलेल्या '४५० वॅट'वर १४ अँपिअर लिहिलेले आढळतात. १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. यावर कार्ड चढवलं तर गेम सुरू होताच पीसी बंद पडेल, आणि ते सुदैव समजा. दुर्दैव असेल तर एसएमपीएस जाताना मदरबोर्डलाही सोबत घेऊन जातं.

लेबलवर आणखी एक ओळ असते, जी शहरातल्या माणसाला बघायची गरज पडत नाही: इनपुट. कुठे '१००-२४०' लिहिलेलं असतं, कुठे '२००-२४०'. नावाजलेल्या कंपन्यांची काही मॉडेलंसुद्धा दुसऱ्या प्रकारची असतात. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की तुमच्या गावात व्होल्टेज १७०-१८० वर येत असेल, बल्ब पिवळा पडत असेल, तर '१००-२४०'वालंच घ्या. त्यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. ८० प्लस ब्राँझ किंवा त्याच्या वरचा शिक्का असावा, पण तो शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. एसएमपीएस किती टिकेल हे वॉरंटीच्या वर्षांवरून जास्त कळतं. पाच वर्षांची वॉरंटी मिळत असेल तर तेच उचला.

किती वॅटचं घ्यावं? हिशोब सोपा आहे. आरटीएक्स ४०६० हे कार्ड स्वतः ११५ वॅट खातं, आरटीएक्स ५०६० सुमारे १४५, आरएक्स ६६०० सुमारे १३२. प्रोसेसरचे ७० ते १००, बाकी पंखे-डिस्क-बोर्डाचे ५० धरा. बेरीज ३०० च्या आत येते. तरी ५५० वॅटचं घ्या. एनव्हिडिया तिच्या या दोन्ही आरटीएक्स कार्डांसाठी तेवढंच सुचवते, कारण कार्ड क्षणभर उसळी मारतं तेव्हा जागा लागते, आणि निम्म्या भारावर चालणारं एसएमपीएस आपल्याकडच्या उन्हात थंड राहतं.

यूपीएसबद्दल थोडं. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. गेम चालू असताना डबा ३०० आणि मॉनिटर २५-३० म्हटलं तर तो काठावर येतो, आणि लाईट जाताच टूं करून बंद पडतो. कार्ड टाकणार असाल तर १ केव्हीएचा बघा. तोही गेम संपवायला नसतो, पीसी नीट बंद करायला असतो. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो साइन वेव्ह हवा आणि त्याच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर हवं. नाहीतर लाईट जाऊन इन्व्हर्टर उचलेपर्यंत पीसी रीस्टार्ट झालेला असतो. आणि डीपी बदलून लाईट आली किंवा वादळात तार तुटून परत जोडली, की पहिली दहा-पंधरा मिनिटं पीसीचा बोर्ड बंदच ठेवा. न्यूट्रल तुटला असेल तर घरात २३० ऐवजी ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं, आणि ते कोणताही यूपीएस हसत हसत झेलत नाही.

अडतंय कुठे ते मोजा

यात खर्च शून्य आहे, तरी बहुतेक जण ही पायरी गाळतात. एमएसआय आफ्टरबर्नर हे फुकट सॉफ्टवेअर उतरवा, त्याच्यासोबत आकडे स्क्रीनवर दाखवणारं रिवाट्यूनर येतं. त्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, कार्डाचं तापमान, कार्डाची मेमरी, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा वापर, रॅम आणि एफपीएस (सेकंदाला किती चित्रं उमटतात तो आकडा) दिसू द्या. मग जो गेम तुम्हाला अडकवतो तोच वीस-पंचवीस मिनिटं खेळा. मेन्यूत बसून मोजू नका, भर मारामारीत मोजा.

कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर अडतंय कार्डापाशी. कार्ड ५०-६० टक्क्यांवर निवांत आहे आणि एफपीएस तरी पडतोय, तर दोष प्रोसेसरचा किंवा रॅमचा. इथे प्रोसेसरचा एकूण टक्का फसवतो. बारा थ्रेडच्या (एकाच वेळी बारा कामं हाताळणाऱ्या) प्रोसेसरमध्ये एकूण वापर ४० टक्के दिसेल, पण त्यातला एक थ्रेड १०० वर अडकलेला असेल, आणि गेम त्याचीच वाट बघत असेल. म्हणून कोअर वेगवेगळे बघायचे. खात्री करायची तर गेमचं रिझोल्यूशन कमी करून बघा. एफपीएस वाढला तर कार्ड कमी पडत होतं, होता तेवढाच राहिला तर प्रोसेसर.

एफपीएस चांगला आहे पण मध्येच झटका बसतो, असं असेल तर रॅम आणि कार्डाची मेमरी बघा. ८ जीबी रॅम असलेल्या पीसीत ब्राउझर उघडा ठेवून जीटीए ५ सारखा गेम चालवला की रॅम काठोकाठ भरते, मग विंडोज डिस्कवर फाइल फेकायला लागतं आणि झटके सुरू होतात. आणि पहिली पाच मिनिटं सगळं ठीक, नंतर हळूहळू एफपीएस घसरतो आणि तापमान चढतं, तर तुम्हाला पार्ट नकोच, ब्लोअर हवाय.

मोजायच्या आधी दोन गोष्टी तपासा, लाज वाटून घेऊ नका. मॉनिटरची केबल कार्डाला लावलीय की मदरबोर्डला? मदरबोर्डला असेल तर कार्ड नुसतं बसून आहे. आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वरच ठेवलेला नाही ना?

ग्राफिक कार्ड

बहुतेकांचं अडतं इथेच, आणि सगळ्यात जास्त पैसाही इथेच जातो. म्हणून थोडं सविस्तर.

बाजारात एकाच नावाची दोन वेगळी कार्डं असतात, हे आधी ध्यानात घ्या. आरटीएक्स ३०५० घ्या. एक ८ जीबीचं, १३० वॅट खाणारं, त्याला वेगळी पॉवर केबल लागते. दुसरं २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं, ७० वॅटचं, जे स्लॉटमधूनच पॉवर घेतं. दुसरं कमी मेमरीचंच नाही, त्याची चिपही कापलेली आहे. दुकानदार "३०५० आहे" एवढंच म्हणतो. पण हेच ६ जीबीचं कार्ड रिफर्बिश्ड डब्यासाठी मात्र सोन्यासारखं आहे. एसएमपीएस बदलता येत नाही, जादा केबल नाही, आणि लो प्रोफाइलमध्येही मिळतं. तशा डब्यासाठी यापेक्षा मोठ्या कार्डाचा विचार सोडून द्या.

जुन्या बोर्डावर नवं कार्ड लावताना लेन, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या डेटाच्या वाटा, बघा. कार्ड ज्यात बसतं तो पीसीआय एक्सप्रेसचा स्लॉट १६ लेनचा असतो, पण स्वस्त कार्डं त्यातल्या सगळ्या वापरत नाहीत. आरएक्स ६६००, आरटीएक्स ४०६० आणि ५०६० ही ८ लेनची आहेत. तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर त्यांना थोडी झळ बसते, चालून जातं. आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी मात्र फक्त ४ लेनची आहेत. जुन्या बोर्डावर ती लावली की चांगलीच मार खातात. स्वस्तात दिसली तरी जुन्या पीसीसाठी घेऊ नका. इंटेलच्या आर्क बी५८० मध्ये १२ जीबी मेमरी मिळते, भावही बरा असतो, पण बोर्डाच्या बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसेल तर त्याचा निम्मा दम निघून जातो. नव्या बोर्डावर चांगलं, जुन्यावर नको.

मेमरी किती? फुल एचडी मॉनिटर आणि व्हॅलोरंट, सीएस २ असले गेम असतील तर ८ जीबी पुष्कळ. नवे मोठे गेम हाय सेटिंगवर खेळायचे असतील तर ८ जीबी आता अपुरे पडायला लागलेत, १२ असतील तर बरं. म्हणून २०२१ चं आरटीएक्स ३०६० १२ जीबी अजूनही लोक शोधतात. ते १७० वॅट खातं, तेवढं एसएमपीएस बघून ठेवा.

आता सेकंडहँड. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाची कार्डांवर चालणारी मायनिंग बंद झाली आणि महिनोनमहिने अखंड तापलेली कार्डं बाजारात ओतली गेली. त्यातली चांगलीही निघतात, वाईट म्हणून सोडू नका, पण तपासल्याशिवाय घेऊ नका. जीपीयू-झेड (सीपीयू-झेडसारखंच, पण कार्डासाठीचं सॉफ्टवेअर) लावून कार्डाची खरी चिप बघा. आरएक्स ५८० म्हणून विकला जाणारा बराच माल '२०४८ एसपी', म्हणजे २०४८ कोअरच्या, प्रकारचा असतो. मूळ ५८० मध्ये २३०४ कोअर असतात. जुन्या कार्डाची बायोस बदलून नव्याचं नाव चिकटवलेलेही प्रकार होतात, त्यात जीपीयू-झेड नावापुढेच 'फेक' असं दाखवतं. त्यानंतर विकणाऱ्याच्या घरीच अर्धा तास गेम चालवा. फरमार्क हे कार्डावर पूर्ण ताण टाकणारं सॉफ्टवेअरही लावा, पण पाच-दहा मिनिटंच. पंख्याचा आवाज ऐका, स्क्रीनवर रंगीत ठिपके येतात का बघा. "आत्ता लाईट नाही, घेऊन जा, चांगलंय" असं म्हटलं तर लाईट येईपर्यंत चहा प्या. कंपनीची वॉरंटी बहुतेक वेळा सिरीयल नंबरवर असते, तेव्हा त्या नंबरावर किती महिने उरलेत ते कंपनीच्या साइटवर तिथेच बघून घ्या. वॉरंटी संपलेल्या कार्डाला नव्याच्या निम्म्याच्या वर भाव मी तरी देणार नाही.

प्रोसेसर आणि बोर्ड

इथे सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, ठरवतं. एएमडीच्या रायझनचा एएम४ सॉकेटचा बोर्ड असेल तर तुम्ही नशीबवान आहात. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत एकाच सॉकेटवर चालतात. बी४५० बोर्डावर रायझन ५ २६०० असेल तर बोर्ड-रॅम काही न बदलता रायझन ५ ५६०० बसतो, आणि व्हॅलोरंटसारख्या प्रोसेसरवर चालणाऱ्या गेममध्ये फरक डोळ्याला दिसतो. नाव मात्र पूर्ण वाचा. ५५०० आणि ५६००जी हे ५६०० नव्हेत. त्यांच्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आहे आणि स्लॉटही तिसऱ्या पिढीच्या वेगाने चालतो.

नवा प्रोसेसर लावण्याआधी, जुना बसलेला असतानाच, बायोस अपडेट करावं लागतं. हे काम यूपीएसवरच करा, आणि लोडशेडिंगची वेळ बघून. बायोस लिहिताना मध्येच लाईट गेली तर बोर्ड मेलाच समजा. काही बोर्डांना मागे फ्लॅशबॅकचं (पेन ड्राइव्हवरून बायोस परत लिहिण्याचं) बटण असतं, त्यातून तो वाचवता येतो, पण स्वस्त बोर्डांवर ते नसतं.

इंटेलमध्ये एवढी मोकळीक नाही. दहावी-अकरावी पिढी एलजीए १२०० वर, बारावी-तेरावी-चौदावी एलजीए १७०० वर. त्यापलीकडे जायचं तर बोर्ड बदला. नवं घेताना १२४००एफ किंवा १२१००एफ अजूनही हिशोबात बसतात. शेवटचा 'एफ' म्हणजे आत डिस्प्ले नाही, कार्ड बिघडलं तर स्क्रीन काळीच. सर्व्हिस सेंटर लांब असलेल्या माणसाने याचा विचार करावा. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत व्होल्टेजमुळे झिजण्याचा दोष निघाला होता. इंटेलने २०२४ मध्ये बायोसमधून त्यावर उपाय दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तसला प्रोसेसर सेकंडहँड घेऊ नका.

चौथ्या पिढीच्या आय५ वर पैसे लावायचे का? एसएसडी आणि छोटं कार्ड, एवढंच. विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डातल्या सुरक्षेच्या सोयी मागतो. जुगाड करून विंडोज बसवाल, गेम उघडणार नाही. मोठ्या कार्डाचे पैसे साठवा आणि बोर्ड-प्रोसेसर-रॅम एकदाच बदला.

रॅम, डिस्क, मॉनिटर

रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून भलतेच चढलेत. एआयच्या डेटा सेंटरांनी माल ओढून घेतल्याने डीडीआर५ च नाही, डीडीआर४ ही महागली. म्हणून असलेली रॅमची काठी फेकू नका. ८ ची एक काठी असेल तर तेवढ्याच वेगाची दुसरी लावा, दोन काठ्यांनी ड्युअल चॅनेल (दोन्ही काठ्या एकाच वेळी वापरणं) सुरू होतं आणि एफपीएस वर येतो. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते. डीडीआर४ ची काठी डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही, जोर लावू नका.

गेम अजून हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडी घ्या. एफपीएस वाढत नाही, पण गेम उघडायला आणि नकाशा लोड व्हायला लागणारा वेळ जातो. साधी साटा केबलवरची एसएसडीही चालते. थेट बोर्डावर बसणारी, जास्त वेगाची एनव्हीएमई घेताना बोर्डावर तसा स्लॉट आहे का ते पाहा, काही जुन्या बोर्डांच्या एम.२ खाचेत फक्त साटा चालते. मॉनिटर ६० हर्ट्झचाच असेल आणि एफपीएस आधीच १०० च्या वर येत असेल, तर कार्ड नको, मॉनिटर बदला.

ऊन, धूळ आणि कूलर

मे महिन्यात बाहेर ४३ अंश असतात तेव्हा पत्र्याच्या खोलीत ४० च्या खाली काही नसतं. कार्ड खोलीपेक्षा ४०-४५ अंशांनी तापतं, म्हणजे ८५ च्या घरात, आणि तिथे ते स्वतःहून वेग कमी करतं. काचेचं तोंड आणि रंगीत दिवे असलेला डबा दिसायला देखणा असतो, पण हवा शिरायला जागा नसते. समोर जाळी असलेला, दोन पंखे आत ओढणारे आणि एक मागून बाहेर फेकणारा, असा डबा घ्या.

जिनिंगच्या हंगामात, दिवाळीनंतर, कापसाचे बारीक तंतू हवेत असतात आणि ते धुळीसोबत हीटसिंकवर गादी करून बसतात. दोन-तीन महिन्यांनी ब्लोअर मारा. मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, हवेने तो उलटसुलट गरगरला तर बेअरिंग जातं. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या आधी, प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदला.

खोलीत पाण्याचा कूलर असेल तर चालू द्या, खोली थंड राहते. पण त्याचा झोत थेट डब्यावर नको. बोअरच्या जड पाण्याचे तुषार सुकले की पांढरा थर उरतो, आणि तो मदरबोर्डवर नको असतो. कूलरची मोटार आणि पीसी एकाच एक्स्टेन्शनवरही नकोत. डबा जमिनीवर ठेवू नका, आणि कार्डाच्या मागच्या रिकाम्या पट्ट्या झाकून घ्या. पाल शिरायला तेवढी फट पुरते.

कुठून घ्यायचं

संभाजीनगर, नांदेड, लातूरला चांगली दुकानं आहेत. निवड कमी मिळते, पण माणूस समोर असतो. नांदेड-परभणीकडच्या लोकांना सिकंदराबाद जवळ पडतं. देवगिरी एक्सप्रेसने गेलात तर पार्क लेनवरच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये मजल्यामजल्यावर कॉम्प्युटरचीच दुकानं आहेत, आणि भाव विचारायला पैसे पडत नाहीत. जायच्या आधी ऑनलाइन भाव लिहून न्या.

कुठेही घ्या, पक्कं जीएसटी बिल घ्या आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. "१८ टक्के वाचतील, कच्चं देऊ का?" याला नाही म्हणा. वॉरंटीचं काम पडलं की ते १८ टक्के आठवतात. हेही विचारा की पार्ट बिघडला तर तो पुण्याला की हैदराबादला पाठवायचा, आणि कुरिअरचे पैसे कोण देणार. ऑनलाइन मागवलं तर पार्सल फोडण्याच्या आधीपासून व्हिडिओ सुरू करा, सील, सिरीयल नंबर, आतला पार्ट सगळं एका दमात दिसू द्या.

पैसे वाटताना एसएमपीएस आधी बाजूला काढा, उरलेल्यातून कार्ड. सगळं एकदम जमत नसेल तर या महिन्यात एसएमपीएस, पुढच्या पगाराला किंवा सोयाबीन विकल्यावर कार्ड. उलटं करू नका.

बसवताना

जुनं कार्ड असेल तर आधी डीडीयू या ड्रायव्हर साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरने त्याचे ड्रायव्हर काढा. पीसी बंद करून वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत स्वेटर घालून पार्टला हात लावू नका, अंगातली स्टॅटिक चिप मारू शकते. आधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा. कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबा, ती तुटते ती इथेच. नवं कार्ड टक असा आवाज येईपर्यंत दाबा, स्क्रू लावा, पॉवरची केबल पूर्ण आत जाऊ द्या. मोलेक्स या जुन्या चार पिनांच्या केबलपासून बनवलेला जोड वापरून कार्डाला पॉवर देऊ नका. एसएमपीएसमधून ती केबल येत नसेल तर ते एसएमपीएस त्या कार्डासाठी नाहीच.

एसएमपीएस मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-घालता येणारं, असेल तर जुन्याच्या केबल नव्याला लावू नका. तोंड सारखं दिसलं तरी आतली जोडणी कंपनीगणिक बदलते आणि डिस्क जागेवर जळते. सुरू झालं की पुन्हा आफ्टरबर्नर लावून तोच गेम खेळा, आधीचे आकडे शेजारी ठेवा. जुनं कार्ड महिनाभर विकू नका. नवं वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर तोवर तेच चालवायचंय.